दोन माणसांचं देणं

भूशास्त्राची पदवी घेऊन मी पुरंदर तालुक्यातल्या गावांत कामाला लागले. खडकाबद्दल बरंच ठाऊक होतं. त्या खडकावर राहणाऱ्यांशी काय बोलावं, ते ठाऊक नव्हतं. महाराष्ट्राची 80 टक्क्यांहून अधिक भूमी बेसॉल्टची आहे, असं मी ग्रामसभेत सांगे. माणसं आदरानं ऐकत आणि उठताना विचारत, "मग बोअर कुठं घ्यायचं, ताई?"

मला बोलायला शिकवलं ते विहिरी खोदण्यात उभा जन्म गेलेल्या एका आबांनी. उन्हाळ्यात गाळ काढायला उपसलेल्या विहिरीत ते मला खाली घेऊन गेले. वर मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक, तळाला एकसंध काळा पाषाण. मुरूम कोरडा होता. भेगाळलेला खडक पाषाणावर टेकतो त्या सांध्यातून पाणी पाझरत होतं. "ह्योच सांधा शेजारच्या विहिरीत हाय. तिकडं मोटर चालली की हिकडं झरा बारीक हुतो," आबा म्हणाले. जलधराची, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाच्या थराची, व्याख्या मी परीक्षेत लिहिली होती. तो दोन बांधांखाली एकच असतो, हे त्या दिवशी दिसलं. तेव्हापासून मी लोकांना आधी त्यांच्याच विहिरीपाशी नेऊ लागले.

दुसरं देणं एका मावशींचं. त्या गावातल्या विहिरींची पातळी टेपनं मोजून वहीत लिहीत. एकदा त्यांनी विचारलं, "ताई, पिकाला पाण्याची एक पाळी दिली की विहिरीचं पाणी किती उतरतं?" इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. पारावर बसून आम्ही हिशेब मांडला. आमच्या खडकातून उपशाला मिळणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण 2 टक्के. म्हणजे एका हेक्टरखालची पातळी 1 मीटर उतरते तेव्हा हाती येतं 2 लाख लिटर. एका पाळीला 6 सेंटिमीटर पाणी धरलं, तर हेक्टरी लागतं 6 लाख लिटर. बाजूनं पाझर आला नाही तर एकाच पाळीत पातळी 3 मीटर खाली! गव्हाला पाच-सहा पाळ्या लागतात, हरभरा दोन-तीनवर निघतो. पुढच्या ग्रामसभेत हा हिशेब मावशींनीच मांडला. मी मागं बसून ऐकलं.

त्या सभेत एका शेतमजूर बाईनं विचारलं, "ज्यांला विहीरच न्हाई, त्यांचं काय?" याच तालुक्यात, नायगावला, विलासराव साळुंखे यांनी 1972च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली होती: पाणी जमिनीच्या हिशेबानं न देता माणशी द्यायचं, ऊस लावायचा नाही, भूमिहीनालाही वाटा. मला हे सगळं पाठ होतं, तरी ते त्या बाईच्या प्रश्नाशी जोडायला माझी जीभ उचलेना. पातळी मोजता येते. वाटणी कशी करायची ते खडक सांगत नाही. मावशी उठल्या आणि म्हणाल्या, निदान प्यायचं पाणी तरी सगळ्यांना पुरावं म्हणून पिण्याच्या विहिरीशेजारचा शेतीचा उपसा उन्हाळ्यात बंद ठेवू. वाद बराच झाला. अखेर ठराव झाला, आणि तो कागदावर नीट उतरवायला त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. माझ्या शिक्षणाचा इतका मान दुसऱ्या कुणी राखलेला नाही.