लिबरेटरची ठिगळं

पुरानी बस्तीतल्या घराच्या गच्चीवर स्प्रे मारायचा तर आधी हंगाम बघावा लागतो. मे महिन्यात रायपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. एअरब्रशमधून सुटलेला रंग हवेतच सुकतो आणि मॉडेलवर रवाळ होऊन बसतो. पावसाळ्यात उलटी तऱ्हा, दमट हवेनं लॅकरवर पांढुरकं सावट धरतं. म्हणून लिबरेटरचं मुख्य रंगकाम मी दिवाळीनंतरच काढलं.

बी-२४ लिबरेटर हे दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं बॉम्बर. १/७२ मापातही पंखांचा पसारा शेहेचाळीस सेंटिमीटरच्या पुढे जातो. नाकाखाली चाक असल्यानं पुढे वजन भरलं नाही तर मॉडेल शेपटीवरच बसतं. ते वजन म्हणजे बूढा तालाबाजवळ मिळालेल्या, गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या. खऱ्या विमानालाही उभं असताना मागे टेकू देत असत.

किटच्या खोक्यावर ऑलिव्ह रंगाचं अमेरिकन विमान होतं. मला मात्र भारतीय वायुदलाचं करायचं होतं, कारण त्याची कथाच वेगळी. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला शेकडा-दीडशे लिबरेटर टाकून दिली, तीही नासवून. इंजिनांत वाळू ओतली, पत्रे फोडले. ती भंगारातली विमानं हिंदुस्थान एअरक्राफ्टनं उचलली. कशीबशी उडण्याजोगी करून वैमानिक जमशेद मुन्शी ती एकेक करून बंगळूरला घेऊन गेले. तिथे चाळीसेक विमानं नीट दुरुस्त झाली आणि १९४८ मध्ये पाचवी स्क्वाड्रन त्यांच्यावर उभी राहिली. पुढे सहावी स्क्वाड्रन ती पुण्याहून समुद्रावरच्या टेहळणीला वापरायची. १९६८ च्या अखेरीस ती निवृत्त झाली. या धाडसाबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही, याचं मला नवल वाटतं.

असं विमान एकसारखं चकचकीत कसं असेल? म्हणून मी चकाकत्या काळ्या थरावर ॲल्युमिनियम मारलं आणि मग मास्किंग टेपनं एकेक पत्रा वेगळा करून छटा बदलल्या. एका चौकोनात थेंबभर राखाडी, दुसऱ्यात किंचित पिवळट. उजव्या पंखावरचे दोन पत्रे मुद्दाम नवे करकरीत ठेवले. वर्तुळाकार निशाणाखाली आधी पांढरा रंग दिला, कारण केशरी थेट धातूच्या रंगावर मारला तर मातकट दिसतो. मग मधलं हिरवं, बाहेरचं केशरी.

त्यावर ॲक्रिलिक वॉर्निशचा थर. तो सुकल्यावर कॅमलचा बर्न्ट अंबर आणि काळा ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून बारीक ब्रशानं पत्र्यांच्या सांध्यांत सोडला. ब्रशचं टोक टेकवायचा अवकाश, रंग खाचेतून आपोआप पुढे धावतो. या कामातलं माझं सगळ्यात आवडतं क्षण-दोन क्षणांचं सुख हेच. वॉर्निश विसरलात तर टर्पेंटाइन खालच्या इनॅमललाही सोबत घेऊन जातं.

इंजिनांमागे काजळी, पंखांवर तेल, चाकांना मुरुमाची लाल धूळ, असं सगळं चढवून झालं आणि गल्लीतले काका बघायला आले. तरुणपणी ते पुण्याच्या लोहगाव तळावर याच विमानांवर फिटर होते.

“हे काय रे, एवढं घाण? असं विमान दिसलं असतं तर आमची पेशी झाली असती!”

“पण काका, जुनी विमानं ना...”

“जुनी होती, बेवारशी नव्हती. समुद्रावरून आलं की गोड्या पाण्यानं धुवायचो आम्ही. तेल मात्र गळायचं, चौदा सिलिंडरचं इंजिन ते.”

त्या संध्याकाळी टर्पेंटाइन लावलेल्या कापसानं निम्मी काजळी पुसली. तेलाचे ओघळ राहू दिले, पण हवेच्या दिशेनं मागे ओढलेले. नव्या पत्र्यांवर काका खूश झाले, फक्त पंखाच्या मुळाशी बोट ठेवून म्हणाले, “इथे आम्ही बूट घालून चढायचो, इथली चमक मार.” तिथे अगदी बारीक पॉलिश पेपर फिरवला. चाकांच्या धुळीवरून मात्र आमचं अजून जमलेलं नाही. लोहगावची धावपट्टी पक्की होती, असं ते म्हणतात. मी थोडी ठेवलीच आहे.