वही आधी, कोट नंतर

चि. चिऊस,


निवड झाल्याचं दादाकडून कळलं. ‘आपली चिऊ बेंगळुरूला संशोधन करायला चालली’ असं तो गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटलाय म्हणे. सांगू दे, बापाचा हक्क आहे तो. आपण दोघी मात्र खरं काय ते बोलू. हे पत्र तुझ्या परवानगीने छापायलाही देते आहे, कारण परीक्षा आटोपून मे महिन्यात कुठल्या ना कुठल्या लॅबकडे निघालेली तुझ्यासारखी बरीच मुलं असतात आणि त्यांना ‘भरपूर शिकून ये’ यापलीकडे कुणी काही सांगत नाही.

आठ आठवड्यांत संशोधन होत नाही. पहिला आठवडा ओळखपत्र, हॉस्टेलची खोली आणि सुरक्षिततेचं प्रशिक्षण यांत जाईल. शेवटचा अहवाल आणि सादरीकरणात. उरले सहा. तुझं काम काय, तर जिवाणूंकडून एक प्रथिन बनवून घ्यायचं आणि ते शुद्ध करायचं. सगळं सरळ गेलं तर त्याची एक फेरी जवळजवळ आठवडाभर चालते: प्लॅस्मिड पेशींत घालायचं, प्लेटवर वसाहती उगवायची वाट बघायची, मोठ्या फ्लास्कमध्ये वाढवायचं, प्रथिन बनवायला लावणारं आयपीटीजी घालून रात्रभर थंड तापमानात हलत ठेवायचं, पेशी फोडायच्या, निकेलच्या कॉलममधून सोडायचं, जेलवर तपासायचं. सरळ जातच नाही, हे धरून चाल. म्हणजे तुझ्या वाट्याला चार, फार तर पाच फेऱ्या. त्यात नवा शोध लागायचा नाही, आणि तुझ्या गाइडलाही तशी अपेक्षा नाही.

मग लॅब तुला का बोलावते? यातली एक बाजू मुलांच्या लक्षात येत नाही. तुझ्या येण्याने लॅबचं काम आधी मागे पडतं. पीएच.डी. करणारा एखादा मुलगा किंवा मुलगी तुझ्यासोबत दिली जाईल आणि त्यांचा निम्मा दिवस तुला दाखवण्यात जाईल. निकेलचं रेझिन महाग असतं, एन्झाइम महाग असतात, आणि शिकाऊ हाताने ती वाया जातात हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. पुढची पिढी तयार व्हावी म्हणून ते हा खर्च उचलतात. याची परतफेड तुला एकाच वस्तूने करता येईल: तुझी नोंदवही. तू परत आल्यावर ऑगस्टमध्ये कुणीतरी ती उघडेल. त्या पानावरून, तुला फोन न करता, त्याला तोच प्रयोग जसाच्या तसा करता आला पाहिजे.

हे काम हलकं वाटत असेल तर एक यादी सांगते. विज्ञानात इतरांनी सर्वाधिक संदर्भ दिलेल्या शंभर पेपरांची यादी ‘नेचर’ने २०१४ साली छापली होती. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा पेपर त्या शंभरांत नाही. पहिला आहे ऑलिव्हर लौरी यांचा १९५१चा पेपर, द्रावणात प्रथिन किती आहे ते कसं मोजावं याचा. तीन लाखांहून जास्त वेळा तो उद्धृत झाला होता. दुसरा लेमली यांचा १९७०चा, तू जे जेल पळवणार आहेस त्याच्या पद्धतीचा. तिसरा ब्रॅडफर्ड यांचा १९७६चा, पुन्हा प्रथिन मोजण्याचाच. तिन्ही पेपर ‘काय सापडलं’ याचे नाहीत, ‘कसं करायचं’ याचे आहेत. खुद्द लौरींनाही आपला तो पेपर फार थोर वाटत नव्हता. पण त्यांनी तो असा लिहिला की जगात कुणालाही करून बघता आला. तू या तिघांपैकी निदान दोघांची पद्धत रोज वापरशील. जाण्याआधी ब्रॅडफर्डचा मूळ पेपर वाच. छोटा आहे आणि बी.एस्सी.च्या मुलीला कळेल असा आहे.

तू जिथे चालली आहेस त्या संस्थेचं नाव निघालं की आपल्याकडे कमला सोहोनींची गोष्ट निघतेच. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिली येऊन तिथे गेली, वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले, तरी संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नाही म्हटलं. ती हटली नाही, तेव्हा वर्षभर पारखून घेण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. तिचं काम बघून रामन यांनी पुढे मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. सत्कार समारंभांत ही गोष्ट संस्थेच्या फाटकाशी संपते, आणि याचा मला राग येतो. फाटकाच्या आत तिने काय केलं? श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दुधातली आणि कडधान्यांमधली प्रथिनं वेगळी केली, म्हणजे तू करणार आहेस त्याच जातीचं काम, तेही निकेलचे कॉलम आणि तयार किट नसताना. केंब्रिजला जाऊन बटाट्याच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी असल्याचं दाखवलं आणि १९३९ साली डॉक्टरेट घेतली. प्रबंध म्हणे चाळीसच पानांचा होता. नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांना घेऊन कडधान्यांतले ट्रिप्सिनला अडवणारे घटक तपासले. कच्चं कडधान्य पचायला जड का आणि उसळ शिजवूनच का खायची, याचं एक उत्तर तिथे आहे. प्रेरणा वगैरे हवी असेल तर फाटकाऐवजी त्या चाळीस पानांकडून घे.

आता तयारीचं. अजून तीन आठवडे आहेत. इंटरनेटवरून लॅबचे सगळे पेपर उतरवून घेऊन तू ते वाचत बसली आहेस, असं वहिनी म्हणाली. सगळे नको वाचूस. शेवटचे दोन घे आणि त्यातलं पद्धतींचं प्रकरण आणि आकृत्या एवढंच बघ. प्रस्तावना वाचून माणूस हुशार झाल्यासारखा वाटतो, पण प्रयोगाच्या टेबलाशी उभं राहिल्यावर ती उपयोगी पडत नाही.

त्यापेक्षा तुझ्या प्रथिनाची कुंडली काढ. युनिप्रॉटवर त्याचा क्रम फुकट मिळेल. अमिनो आम्लं किती? सरासरी एकाचं वजन ११० डाल्टन धर. तीनशे असतील तर प्रथिन साधारण ३३ किलोडाल्टनचं झालं. शेपटीला सहा हिस्टिडिन जोडली असतील तर आणखी जेमतेम एक किलोडाल्टन. ही संख्या डोक्यात असली की जेलवर पट्टी कुठे शोधायची ते कळतं, नाहीतर सगळ्याच निळ्या रेघा आपल्याच वाटतात. ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन किती आहेत तेही मोज. ती नसतील तर २८० नॅनोमीटरला तुझं प्रथिन जवळपास दिसणारच नाही, आणि तू स्पेक्ट्रोफोटोमीटर बिघडला म्हणून तक्रार करशील.

दुसरं, द्रावणांची गणितं. सी-वन व्ही-वन तुला बारावीपासून येतं, मान्य. पण ‘पाच मोलरच्या मिठाच्या द्रावणातून ३०० मिलिमोलरचं अर्धा लिटर कर’ असं कुणी समोर उभं राहून म्हटलं की कॅल्क्युलेटर न शोधता तीस मिलिलिटर हे उत्तर यायला हवं. रोज दहा गणितं कर, वेगवेगळ्या एककांत. लॅबमधल्या चुका गहन विज्ञानात क्वचित होतात. मायक्रो आणि मिलीच्या मध्ये मात्र रोज होतात. ट्रिस बफरची एक खोड आत्ताच सांगून ठेवते: तापमान दर अंशाने उतरलं की त्याचा पीएच ०.०३च्या आसपास चढतो. २५ अंशांना ८ वर आणलेला बफर थंड खोलीत ४ अंशांना ८.६च्या जवळ गेलेला असतो. म्हणून वहीत नुसता पीएच लिहायचा नाही, कुठल्या तापमानाला लावला तेही लिहायचं.

तिसरं, हात. कॉलेजच्या मॅडमना विचार, दोन दुपारी मायक्रोपिपेट आणि चार दशांशांचा तराजू वापरू देतील का. शंभर मायक्रोलिटर पाणी म्हणजे ०.१ ग्रॅम. दहादा घे, दहादा वजन कर, आकडे लिही. ते एकमेकांपासून किती लांब पडतात ते बघ. पहिल्या थांब्यापर्यंत दाबून घ्यायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत दाबायचं, अंगठा सावकाश वर येऊ द्यायचा. हे वाचून येत नाही. पोळी लाटण्यासारखंच आहे ते, हाताला कळेपर्यंत डोक्याला कळून उपयोग नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोरच्या नळ्या अंदाजाने नव्हे, तोलून सारख्या करायच्या, हेही तिथेच करून बघ.

वही कशी लिहायची याचं वेगळं शास्त्र नाही. बांधीव वही, पानांना क्रमांक, शाईचं पेन, खाडाखोड एका रेघेने आणि खालचं वाचता येईल अशी. कच्च्या कागदावर लिहून रात्री सुंदर अक्षरात उतरवायचं, ही आपल्याकडच्या जर्नलची सवय इथे मोडायची. जर्नलमध्ये उत्तर आधी ठाऊक असतं, आपण रीडिंग त्याला जुळवून घेतो. (चिऊ, हे तुझ्या कॉलेजात होत नाही असं म्हणू नकोस.) लॅबमध्ये उत्तर कुणालाच ठाऊक नसतं. बफरची बाटली कुणी कधी बनवली, रसायनाचा लॉट नंबर, फ्लास्क शेकरवर किती वाजता ठेवला, वीज गेली होती का, सगळं त्याच क्षणी, उभ्या उभ्या. नळीवरही तेच: नाव, तारीख, आत काय. मार्करचं अक्षर सत्तर टक्के अल्कोहोलने पुसलं जातं, तेव्हा वर सेलोटेप लाव. उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ‘नमुना १’ एवढंच लिहिलेले डबे प्रत्येक लॅबमध्ये निघतात. ज्याने ठेवले तो अमेरिकेत असतो, आणि टाकून द्यायचा धीर कुणालाच होत नाही.

प्रश्न विचार, पण वेळ बघून. सिनियर पेशी फोडत असताना नाही. कॉलम थेंब-थेंब गळत असताना जरूर. आणि ‘हे कसं करू’पेक्षा ‘हे का करतो’ विचार. निकेलच्या कॉलमसाठीच्या बफरमध्ये ईडीटीए का घालत नाहीत? कारण ते निकेललाच धरून काढून नेतं. हे एकदा कळलं की दहा गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत. समजलं नाही तर तिथल्या तिथे ‘नाही समजलं, पुन्हा सांगा’ म्हण. आपल्या मराठी माध्यमाच्या मुली इंग्रजीच्या भीतीने मान डोलावतात, आणि मान डोलावण्याची किंमत दुसऱ्या दिवशी फ्लास्क मोजतो. त्या लॅबमध्ये तमिळ, बंगाली, कन्नड, मल्याळी सगळेच मोडक्या-तोडक्या इंग्रजीत बोलतात. तुझं त्यात सहज खपून जाईल.

हातमोज्यांचं मात्र ऐक. ते घालून दाराची मूठ, फोन, केस, काही धरायचं नाही. जेल ओतण्याआधीचं अ‍ॅक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक असतं. जेल घट्ट झाल्यावर धोका बराच कमी होतो, तरी थोडं न जुळलेलं आत राहतंच. पुढे बंद बूट, केस बांधलेले, सुती कपडे, ओढणी घरी. कोट तिथे मिळतो बहुतेक, तरी आपला एक असू दे.

प्रथिन येणार नाही, असे आठवडे येतील. पेशी छान वाढतील आणि पट्टी दिसणार नाही, किंवा दिसेल ती सगळी गाळात. तेव्हा रडून घे हवं तर, मग कंट्रोल बघ. आयपीटीजी न घातलेली नळी बाजूला ठेवली होतीस ना? ती असेल तर तुझ्या हातात माहिती आहे. नसेल तर नुसतं दुःख आहे. ‘अमुक तापमानाला प्रथिन गाळात जातं, १८ अंशांना थोडं वर राहतं’ एवढं जरी जुलैच्या सादरीकरणात चार आलेखांसकट सांगितलंस तरी पुढच्याचा महिना वाचला. यश आल्याचं भासवणारी स्लाइड मात्र करू नकोस. समोर बसलेल्यांनी तसली पुष्कळ पाहिलेली असतात.

मिरजेहून राणी चन्नम्माचं तिकीट दादाने काढलंय, असं ऐकलं. जूनमध्ये बेंगळुरूला संध्याकाळी पाऊस आणि गार वारा असतो, पातळ स्वेटर आणि छत्री घे. चटणी वहिनी देईलच, पण मोठा डबा नको. हॉस्टेलमध्ये मुंग्या लागतात.

पोहोचल्यावर पहिल्या रविवारी फोन कर. वहीच्या पानांचे फोटो पाठवू नकोस. ती वही लॅबची आहे, तुझी नाही, आणि निघताना तिथेच ठेवून यायची आहे. त्याऐवजी तुझा पहिला बफर कसा बनवलास ते मला फोनवर सांग. मी इकडे कागदावर उतरवून घेईन, आणि जिथे मला तो बनवता येणार नाही तिथे तुला थांबवून विचारीन.

तुझी,
आत्या