तिरकी विहीर, उभी खोली

मुंबई हायमध्ये १९७४ साली ‘सागर सम्राट’नं तेल शोधलं. तिथल्या प्लॅटफॉर्मवरून पुढं खोदलेल्या बहुतेक विहिरी सरळ खाली जात नाहीत. भर समुद्रात विहिरीगणिक प्लॅटफॉर्म परवडत नाही, म्हणून त्या एकाच जागेवरून चहूबाजूंना तिरक्या पसरतात. लॉगवरची, म्हणजे विहिरीत घेतलेल्या खडकांच्या मोजमापांच्या आलेखावरची, खोली मात्र भोकाच्या लांबीनं मोजलेली असते, तिला आम्ही एमडी म्हणतो. विहीर उभ्या रेषेपासून ६० अंशांनी कललेली असेल तर १०० मीटर खोदून ५० मीटरच खाली उतरतो आणि १० मीटरचा आडवा थर लॉगवर २० मीटरचा दिसतो. शेजारच्या उभ्या विहिरीचा गॅमा रे लॉग त्याच्याशी जुळणार कसा?

सॉफ्टवेअरमध्ये विहिरीच्या कलाचा आणि दिशेचा सर्व्हे भरावा, केबीची, म्हणजे रिगवर जिथून खोली मोजतात त्या केली बुशिंगची, उंची वजा करावी आणि लॉग समुद्रसपाटीपासूनच्या उभ्या खोलीवर, म्हणजे टीव्हीडीएसएसवर आणावा. मग जे दिसतं ते मला आजही फार आवडतं. न्यूट्रॉन आणि डेन्सिटीच्या रेषा गॅसच्या भागात एकमेकींना ओलांडतात आणि तेल लागलं की परत येतात. उत्पादन सुरू होण्याआधीच्या लॉगमध्ये, एकाच सलग साठ्यातल्या वेगवेगळ्या दिशांना गेलेल्या विहिरींत, ही जागा एकाच पातळीवर येऊन बसते. गुरुत्वाकर्षणानं गॅस, तेल आणि पाणी आडवे लावून ठेवलेले असतात. एमडीवर विखुरलेली ती शिस्त इथं उघड दिसते. एखादी विहीर चार मीटर खाली-वर दिसली तर लगेच नवा फॉल्ट काढू नये, आधी सर्व्हे तपासावा. ७० अंशांच्या कलावर पाव अंशाची चूक १००० मीटरमध्ये तेवढा फरक सहज पाडते. टीव्हीडीचा, म्हणजे उभ्या खोलीचा, प्रत्येक लॉग त्या सर्व्हेइतकाच खरा असतो.

थरांची गोष्ट निराळी. ते नेहमी आडवे नसतात, आणि उभ्या खोलीवर मोजलेली जाडी ही थराची जाडी नव्हे. ७० अंशांची विहीर उताराच्या दिशेनं चालली असेल आणि थराचा उतार अवघा दोन अंश असेल, तर टीव्हीडीवरचे १० मीटर प्रत्यक्षात जेमतेम नऊ भरतात, कारण विहीर पुढं सरकते तसा थरही खाली जात राहतो. तीच विहीर चढाच्या दिशेनं गेली तर उलट, जाडी कमी दिसते. साठ्याचा अंदाज बांधताना हा दहा टक्क्यांचा फरक सोडून देणं मला पटत नाही. द्रवांच्या पातळ्यांसाठी आणि दाबाच्या आलेखांसाठी टीव्हीडी, जाडीसाठी थराचा उतार धरून केलेला हिशेब, अशी वाटणी मी कटाक्षानं पाळतो.

एमडीचा स्तंभ तर मी टीव्हीडीच्या छापील लॉगवरूनही कधी काढू देत नाही. केबल भोकातून जाते, त्यामुळे पर्फोरेशनची, म्हणजे विहिरीच्या नळीला भोकं पाडायची, खोली एमडीतच द्यावी लागते. घाईत कुणी दुसरा आकडा उचलला तर भोकं पाडणारी बंदूक भलत्याच थरासमोर डागली जाईल.

आडव्या विहिरीत टीव्हीडीचा उपयोग आणखी कमी. शेकडो मीटरचा लॉग दोन-चार मीटरमध्ये दाटतो, आणि विहीर ९० अंशांच्या वर कलून पुन्हा चढू लागली की एकाच खोलीला दोन-दोन मोजमापं येतात. तिथं मी लॉग विहिरीच्या मार्गावरच काढतो, खाली थरांचा छेद ठेवतो आणि विहीर कुठल्या थरातून केव्हा बाहेर पडली ते त्यावर पाहतो.