अप्पांनी दिलेली वही

२४ सप्टेंबर २०२४, मंगळवार

निघताना अप्पांनी ही लाल कापडी बांधणीची वही हातात ठेवली. कारखान्याला ऊस गेल्याच्या नोंदी ते अशाच वहीत ठेवतात. म्हणाले, "खर्च लिही, आणि त्या पैशांत काय मिळालं तेही लिही." म्हणून पहिले पान हिशेबाचे.

व्हिसाआधी बँकेत सलग २८ दिवस १२,००६ पाउंड दाखवावे लागले. लंडनात नऊ महिने राहायचे, महिन्याला १,३३४ पाउंड, असा तो हिशेब. आरोग्य अधिभार १,१६४ पाउंड, तोही आगाऊ. फी निराळीच. पाउंड शंभर रुपयांच्या वर आहे, त्यामुळे कुठलाही आकडा रुपयांत मांडला की पोटात गोळा येतो. कर्जाला आमचे राहते घर तारण आहे. हे एकदा इथे लिहून ठेवते, म्हणजे रोज मनात घोळवायला नको.

आज विद्यापीठाचे ओळखपत्र मिळाले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, एम.एस्सी., आर्थिक इतिहास, मुदत एक वर्ष. कार्ड टेकवले की पोर्तुगाल स्ट्रीटवरचे ग्रंथालय उघडते. इमारतीच्या मधोमध गोल गोल वर चढत जाणारी वाट आहे. खाली उभी राहून वर पाहिले, तर मजल्यांवर मजले आणि पुस्तकांची कपाटे. बराच वेळ तिथेच उभी होते.

१७ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

आजचा तास रिकार्डोच्या खंडाच्या सिद्धान्तावर. वर्गात आम्ही चौदा जण. शेजारी लागोसची मुलगी, समोर शांघायचा एक आणि यॉर्कशायरचा एक मुलगा. मी हात वर केला आणि म्हणाले, "हा सिद्धान्त आमच्या तालुक्यावर लावला होता, आणि गावं ओस पडली."

शिकवणाऱ्या बाई पुढे सरकून बसल्या. त्यांना सगळे पहिल्या नावाने हाक मारतात, माझ्या तोंडून अजून ते निघत नाही. मी प्रिंगलची गोष्ट सांगितली. रॉबर्ट कीथ प्रिंगल हा कंपनी सरकारचा तरुण अधिकारी, हेलीबरीच्या कॉलेजात माल्थसच्या हाताखाली शिकलेला. १८३० च्या आसपास त्याने पुणे जिल्ह्यात जमिनीची पाहणी केली, खर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नाचा हिशेब काढला आणि त्याच्या ५५ टक्के सरकारचे म्हणून ठरवले. कागदावर चोख, शेतात फसलेले. शेवटी १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सगळी मोजणी नव्याने सुरू केली, ती आमच्या इंदापूरपासूनच.

"तुला हे कुठून कळलं?" मी एरिक स्टोक्सचे १९५९ चे पुस्तक सांगितले. "स्टोक्सनं कशाच्या आधारावर लिहिलं?" इथे मी थांबले. तेवढ्यात यॉर्कशायरचा मुलगा म्हणाला, "तुमचा भाग दुष्काळी आहे ना? मग गावं सिद्धान्तामुळे ओस पडली की पाऊस न पडल्यामुळे?"

मला राग आला. माझ्या गावाचे हा मला विचारणार? खोलीवर येऊन भात टाकला, तोवर राग उतरला होता. त्याचा प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. इतकी वर्षे मी पहिल्या पाच नंबरांत होते, पण "कशावरून?" असे मला भर वर्गात आजवर कुणी विचारले नव्हते.

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

रात्री घड्याळे एक तास मागे गेली. भारत आता साडेपाच तास पुढे. आईचा फोन यायच्या आत माझे जेवण उरकत नाही.

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार

आज विधानसभेचे मतदान. दादाने शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला. माझे नाव त्याच यादीत आहे, पण मत द्यायला तिथे हजर असावे लागते. मन दिवसभर लागले नाही.

आणि याच आठवड्यात इथल्या कौन्सिलचे पत्र आले, की माझे नाव इथल्या मतदारयादीत घातले आहे. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार म्हणून नोंदवता येते, अगदी पार्लमेंटच्या निवडणुकीसाठीही. माझ्या ओळखीतल्या पाच मराठी मुलांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हते. सगळ्यांना नोंदणी करायला लावली. जिथे राहतो, बसचे तिकीट काढतो, दवाखान्यात नाव घालतो, तिथल्या कारभारात आपल्यालाही विचारले जाते, ही जाणीव परक्या गावात फार आधार देते.

२९ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

पहिला निबंध परत आला. ६४ गुण. आईला सांगितले तर म्हणाली, "एवढेच?" तिला समजावले, की इथे ५० ला उत्तीर्ण, ६० ला चांगला वर्ग आणि ७० ला सगळ्यात वरचा. या निबंधाचे गुण अंतिम निकालात धरायचे नसतात. चुका कराव्यात आणि त्या कुणीतरी दाखवाव्यात, एवढ्यासाठीच तो लिहायचा.

आणि चुका दाखवल्यात कशा! अठराशे शब्दांच्या निबंधावर समासात बावीस टिपा. पहिल्याच परिच्छेदात मी लिहिले होते, "सर्वज्ञात आहे की ब्रिटिशांनी शेतकऱ्यांना लुबाडले." त्याच्या कडेला: "कुणाला ज्ञात? किती? कोणत्या वर्षी?" तिसऱ्या पानावर माझ्या एका वाक्याखाली रेघ आणि शेरा: "हा मुद्दा नवा आहे. इथून निबंध सुरू व्हायला हवा होता." माझ्या मनातले नेमके वाक्य कुणीतरी शोधून काढले होते. ते पान चार वेळा वाचले.

मुख्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर नाव लिहायचे नाही, फक्त क्रमांक. तपासणाऱ्याला नाव दिसत नाही, आडनावही नाही. आपल्याकडे आडनाव ऐकून माणूस कुठला, कोणातला, हे चाचपण्यात किती जणांचे किती आयुष्य गेले, ते मनात आले.

इथे सगळे न्यायाचेच चालते असे मात्र नाही. सप्टेंबरात खोली शोधताना एका घरमालकाने फोनवर माझे उच्चार ऐकले आणि "खोली गेली" म्हणाला. ती जाहिरात पुढे तीन आठवडे तशीच होती. तेही या वहीत असू दे.

६ डिसेंबर २०२४, शुक्रवार

महापरिनिर्वाण दिन. चॉक फार्म स्टेशनला उतरून किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरापाशी गेले. चार वाजायच्या आतच सूर्य बुडाला होता. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये इथे राहत. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली हे घर विकत घेतले. दारात कुणीतरी ठेवलेली शेवंतीची फुले होती. लंडनात शेवंती कुठे मिळाली असेल?

आमच्याच संस्थेत त्यांनी पहिल्यांदा नाव घातले ते १९१६ मध्ये. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मग मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी.

रुपयाच्या प्रश्नावरचा तो प्रबंध १९२३ मध्येच पुस्तकरूपाने निघाला. त्याला प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची आहे. ग्रंथालयातून काढून ती वाचली आणि थक्क झाले. कॅनन त्यात उघडपणे सांगतात, की आंबेडकरांचे पुष्कळसे म्हणणे मला मान्य नाही. आणि तरीही त्यांच्या विचारांचा ताजेपणा मनापासून वाखाणतात. गुरू शिष्याच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहितो आणि तीत मतभेद नोंदवतो! आणि शिष्य ती प्रस्तावना तशीच्या तशी छापतो. परदेशी शिक्षणाने काय मिळते असे मला कुणी विचारले, तर मी ही प्रस्तावना पुढे ठेवीन. पदवी आपल्याकडेही मिळते. गुरूशी मतभेद असूनही त्याच्या हातून पसंतीची मोहोर मिळणे, हे आपल्याकडे फार थोड्यांच्या वाट्याला येते. त्यात गुरूचा मोठेपणा आहे तसाच शिष्याच्या पुराव्याचा भक्कमपणाही.

७ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

"कशावरून?" या प्रश्नाचे उत्तर शोधायला आज ब्रिटिश लायब्ररीत गेले. सेंट पँक्रास स्टेशनच्या शेजारची लाल विटांची इमारत. वाचकाचे कार्ड फुकट मिळते. पिशवी आणि कोट खाली ठेवायचा, वर जाताना पारदर्शक पिशवीत फक्त वही, शिसपेन्सिल आणि लॅपटॉप. शाईचे पेन चालत नाही. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्याने विस्कटलेले काम अजून पुरते सावरलेले नाही, त्यामुळे पुस्तक मागवायला वेळ लागला. तिथल्या बाईंनी न कंटाळता तीनदा यादी चाळली.

मग ते आले. मुंबई इलाख्याच्या जमीन महसुलाच्या अहवालांचे जाड पुस्तक. फोमच्या उशीवर ठेवून, पाने दबून राहावीत म्हणून मण्यांची जड माळ टाकून वाचायचे. इंदापूर तालुक्याच्या गावांची यादी काढली. आमच्या गावाचे नाव चमत्कारिक स्पेलिंगमध्ये, पण आमचेच.

जमिनीची प्रत त्यांनी आण्यांत लावली होती. सगळ्यात चांगली काळी जमीन सोळा आणे, आणि माती जसजशी उथळ नि हलकी तसतसे आणे कमी. अप्पा आजही म्हणतात, "ती पट्टी आठ आण्याची आहे, तिच्यात ऊस नाही व्हायचा." हा शब्द कुठून आला, हे मी त्यांना कधी विचारले नाही आणि त्यांनाही ठाऊक नसावे. संध्याकाळी फोन केला. अप्पा गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "आपला जुना सर्व्हे नंबर बघ त्यात आहे का." सर्व्हे नंबर नाही सापडला. पण अप्पांनी इतकी वर्षे शेत कसले, त्याच्या मोजणीचे मूळ मला सापडले, आणि ते सापडायला इंदापूर सोडून लंडनला यावे लागले, ही गोष्ट मला अजून टोचते. हे कागद पुण्यामुंबईच्या अभिलेखागारातही असतील. मग मी तिथे का गेले नव्हते? कारण जायला हवे असे मला कुणी शिकवले नव्हते.

२९ मार्च २०२५, शनिवार

उद्या पाडवा. उद्या पहाटे घड्याळ एक तास पुढे. या आठवड्यात कॅफेत अठरा तास काम केले. सत्रात आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. तासाला ११.४४ पाउंड, एप्रिलपासून १२.२१. लागोसच्या मैत्रिणीला पुरणपोळी करून घातली. तिच्या आजीकडे कोकोची बाग आहे आणि ती कोकोच्या सरकारी खरेदीवर प्रबंध लिहिते आहे. तिचा कोको आणि माझी ज्वारी, दोघींचे प्रश्न एकच. भाव पडले की कर्ज कुणी सोसायचे? रात्री एक वाजेपर्यंत बोलत होतो. अशी मैत्रीण मला इंदापुरात भेटली नसती, आणि तिला मी लागोसमध्ये भेटले नसते.

१२ मे २०२५, सोमवार

बरोबर दीडशे वर्षांपूर्वी, १२ मे १८७५ ला, आत्ता बारामती तालुक्यात असलेल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. तोच माझ्या प्रबंधाचा विषय. नव्या मोजणीनंतर इंदापूरच्या साऱ्याला दिलेली तीस वर्षांची मुदत संपून १८६७ मध्ये सारा वाढवला गेला, तो अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढून गेल्यानंतर. पुढे भाव कोसळले, वाढीव सारा मात्र राहिला.

आणि आजच इथल्या सरकारने स्थलांतराबद्दलची श्वेतपत्रिका काढली. पदवीनंतर काम करायला मिळणारी दोन वर्षे अठरा महिन्यांवर आणण्याचा विचार आहे. आमच्या व्हॉट्सॲप गटावर दिवसभर हलकल्लोळ. काही मुले रडत होती. त्यांना दोष कसा देऊ? घरे त्यांचीही गहाण आहेत. पण गावाकडे एजंट मुलांना सांगतात, की शिक्षण नावाला, नोकरी पक्की. हे सांगणे पाप आहे, असेच मी म्हणेन. व्हिसाचा नियम लंडनमधले सरकार एका दुपारी बदलू शकते. समासातल्या बावीस टिपा कुणी परत घेऊ शकत नाही.

१४ ऑगस्ट २०२५, गुरुवार

प्रबंध दिला. दहा हजार शब्द. यॉर्कशायरच्या मुलाने कच्चा मसुदा वाचला होता आणि पावसाचा मुद्दा पुन्हा काढला होता. या वेळी माझ्याकडे उत्तर होते, पण अर्धेच. तेवढे अर्धेच लिहिले आणि उरलेले सांगता येत नाही असे स्पष्ट म्हटले. एक वर्ष फार थोडे आहे. नोव्हेंबरात हात बसला आणि ऑगस्टात संपले.

३० ऑगस्ट २०२५, शनिवार

आत्याच्या मुलीचा फोन. तिला पुढच्या वर्षी यायचे आहे, एजंटाने दोन लाख मागितले आहेत, काय करू? तिला सांगितले ते इथेही लिहिते, कारण ही वही आता अप्पांकडे जाणार आणि गावातली आणखी मुले ती चाळणार.

एजंटाला पैसा देऊ नको. विद्यापीठाचा अर्ज स्वतःच भरता येतो. अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, चेव्हनिंग आहे, राष्ट्रकुलाची आहे. कर्जाआधी आपल्याला काय लागू होते ते बघ. घर तारण ठेवायचे असेल तर आत्याशी आणि मामांशी समोर बसून आकडे मांड. आणि त्याच्याही आधी, ज्या अभ्यासक्रमाला जायचे त्याची वाचनयादी मिळव. त्यातली तीन पुस्तके काढून वाच. ती वाचताना भूक विसरलीस तर ये, मी तुझा अर्ज तपासून देईन.