तेलाने सांगितलेला तडा

दिवाळीच्या अंकात शौचाचा विषय काढणे शिष्टसंमत नाही, हे मला मान्य आहे. पण चकल्या-कडबोळ्यांचा अखेरचा संबंध आतड्यांशीच येतो. तेव्हा वाचकांनी क्षमा करावी.

गेली सहा वर्षे मी रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी घेतो. माझ्या हृदयाचे ठोके मधूनच ताल सोडतात; रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाऊ नये म्हणून ही तजवीज. हे द्रव्य १९४८ साली बाजारात आले ते उंदरांसाठी. माणसांच्या वाट्याला ते १९५४ साली आले. ‘उंदराचे औषध खाऊन जगणारा माणूस’ अशी माझी ओळख मी पाहुण्यांना मोठ्या ऐटीत करून देत असे.

गेल्या वर्षी साठी उलटल्याचे निमित्त करून डॉक्टरांनी आतड्याच्या कर्करोगासाठी चाचणी सांगितली. काडीने इवलासा नमुना डबीत घालायचा. त्यात डोळ्यांना न दिसणारे रक्त आहे का, ते प्रयोगशाळा पाहते. पूर्वीच्या चाचणीला मटण नि कच्चा मुळाही फसवीत. ही फक्त माणसाचेच रक्त ओळखते.

“चार दिवस गोळी बंद ठेवू का?” मी विचारले.

“मुळीच नको. चाचणीपायी अर्धांगवायू ओढवून घ्यायचाय का, काका?”

रक्त निघाले. मी मात्र निर्धास्त! “रक्तच पातळ, ते गळणारच,” असे म्हणून तो कागद मी पंचांगात ठेवून दिला.

धनत्रयोदशीला सौ.ने देवापुढची पणती बाहेर काढली. एरवी तिच्यात थिजलेले तूप असे. तेल घालताच रांगोळीवर डाग पसरला.

“तेलच खराब दिसतंय,” मी म्हणालो.

“तेलाला कशाला बोल? तडा आधीचाच. तुपानं तो कळू दिला नाही, इतकंच.” ती क्षणभर थांबली. “अहो, तो पंचांगातला कागद काढा पाहू.”

डॉक्टरांनी तेच सांगितले. गोळी निरोगी आतड्यातून सहसा रक्त काढीत नाही. जिथे आधीच काही आहे, तिथून ते अधिक गळू देते. कधी दुर्बिणीने पाहूनही काही सापडत नाही. पण पाहिल्याखेरीज ते कळावे कसे? तपासणीआधी गोळी किती दिवस थांबवायची, तेही त्यांनीच ठरवले. आत दोन कोंब निघाले, पुढेमागे कर्करोगाकडे वळू शकतील अशा जातीचे. ते तिथल्या तिथे काढून टाकले.

ती पणती मी टाकू दिली नाही. गोळी दिवेलागणीला नेमाने घेतो. पाहुण्यांना उंदराची गोष्ट अजूनही सांगतो. फक्त आता तिच्या शेवटी पणती येते.