कोसाडची शिदोरी

मुंबईहून अहमदाबादकडे जाताना सुरत स्टेशन सुटले की गाडी तापी नदीच्या पुलावर येते. पूल ओलांडला की उत्राण, आणि त्यानंतरचे छोटे स्टेशन कोसाड. लांब पल्ल्याच्या गाड्या इथून धडधडत निघून जातात. थांबतात त्या मेमू आणि पॅसेंजर. एकेकाळी हे वेगळे गाव होते. २००६ मध्ये सुरत महापालिकेची हद्द वाढली आणि गाव शहरात आले. आता शेजारच्या अमरोलीपर्यंत वस्ती सलग झाली आहे. महापालिकेने बांधलेल्या घरकुलांच्या इमारती, मागांचा खडखडाट, आणि गुजराती, हिंदी, उडिया, खानदेशी मराठी अशा साऱ्या बोलींचा बाजार!

आपल्या भागातल्या वाचकांना कोसाड ठाऊक असण्याचे कारण नाही. मला ते ठाऊक आहे, कारण माझी अक्का तिथे राहते. दाजी इचलकरंजीत मागावर जॉबर होते. सुरतेत पगार बरा मिळतो म्हणून गेले आणि तिकडचेच झाले. पूर्वी ते वेड रोडला राहत. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या महापुरात घरातले होते नव्हते ते गेले, तेव्हा नदीपलीकडे कोसाडला आले. आज दाजी नाहीत. अक्का आणि तिचा मुलगा, दोघेच दोन खोल्यांत राहतात.

२०२४ च्या दिवाळीत भाऊबिजेला मी कोसाडला गेलो, तो बऱ्याच वर्षांनी. निमित्त होते जपानचे. सुटीत बारा दिवस जपानला जायचे, पाठीवर एकच पिशवी घ्यायची आणि शक्य तितक्या कमी पैशांत फिरायचे, असे ठरवले होते. विमानाची तिकिटे, राहायच्या जागा हे सगळे भाच्याने संगणकावर शोधून दिले होते. मुंबईहून क्वालालंपूरमार्गे ओसाका, जाऊन-येऊन ३८,००० रुपये.

अक्काला जपान म्हणजे ‘ती बुलेट गाडीवाल्यांचा देश’. सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनची पायाभरणी झाली. या ५०८ किलोमीटरच्या मार्गाचे सुरतचे स्टेशन अंत्रोलीला होत आहे. तेव्हा जपानचे नाव सुरतेत घरोघरी पोचले आहे. “त्या गाडीत बसणार काय रे?” तिने विचारले. म्हटले, “नाही गं, तिचे भाडे परवडत नाही. मी चालणार आहे.” ती हसली. मग स्वयंपाकघरात जाऊन खाकरे, मेथीचे ठेपले, शेंगाची चटणी आणि कुणाकडून तरी मागवलेल्या कडक भाकरी बांधू लागली.

निघताना तिने माझ्या हातात एक पाकीट कोंबले. “तगो,” ती म्हणाली.

आमची आई चिक्कोडीकडची. तिच्याशी कानडी आणि वडिलांशी मराठी बोलत आम्ही वाढलो. आई काहीही हातात देताना ‘तगो’ म्हणायची. घे, हे सांगायला तिच्याजवळ तेवढाच शब्द होता. आई गेल्यावर तो शब्द अक्काने उचलला.

मी पाकीट परत तिच्या हातात ठेवले. “ब्याड, अक्का. भाऊबीज आहे, मी द्यायचे की तू?” ती पुन्हा देऊ लागली, तसा माझा आवाज चढला. “मी प्राध्यापक आहे. तुझ्याकडून पैसे घेऊ?” ती गप्प झाली. ‘इरली,’ म्हणजे असू दे, एवढेच म्हणाली आणि पाकीट पत्र्याच्या डब्यात ठेवून दिले.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. दहावीनंतर अक्काची शाळा थांबली आणि ती इचलकरंजीत कांड्या भरायला जाऊ लागली. माझी कॉलेजची फी त्या कांड्यांतून आली. एम.ए. झालो, नोकरी लागली, त्या दिवशी मी मनाशी ठरवले की आता हिच्याकडून पैही घ्यायची नाही. मला वाटे, यात तिचा मान आहे.

जपान म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे टोकियो येते. मी टोकियो पाहिलेच नाही. ओसाकाहून कोबेला गेलो. तिथल्या कितानो भागात १९८५ मध्ये बांधलेले संगमरवरी जैन मंदिर आहे. मोत्यांच्या व्यापारासाठी तिथे स्थायिक झालेल्या गुजराती कुटुंबांचा त्याला आधार आहे. कोसाडहून निघालेल्या माणसाला कोबेत ‘जय जिनेन्द्र’ ऐकू यावे, याची गंमत वाटली. तिथून बसने आकाशीच्या झुलत्या पुलावरून (मधला गाळा १,९९१ मीटर!) शिकोकू बेटावर उतरलो.

शिकोकू हे जपानच्या चार मोठ्या बेटांतले सर्वांत लहान बेट. या बेटाला वळसा घालणारी ८८ देवळांची यात्रा आहे. अंतर सुमारे १,२०० किलोमीटर, आणि पायी चालायला चाळीस ते साठ दिवस लागतात. नवव्या शतकातले आचार्य कूकाई, म्हणजेच कोबो दाइशी, यांच्या नावाने ही यात्रा चालते. कूकाई ७७४ मध्ये याच बेटावर जन्मले. चीनमध्ये जाऊन ते प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकले. त्यांनी नेलेली सिद्धम् लिपी अजूनही देवळांतल्या शिळांवर दिसते. ती आपल्या नागरीची जवळची नातेवाईक. अनोळखी चित्रलिपीच्या त्या देशात एखादे अक्षर ओळखीचे वाटावे आणि पाय थबकावेत, असे मला अनेकदा झाले.

माझ्याजवळ पाचच दिवस होते. पहिल्या र्‍योझेनजी देवळापासून बाराव्या शोसानजीपर्यंत चालायचे ठरवले. यात्रेकरूला तिथे आदराने ‘ओहेन्‍रोसान’ म्हणतात. अंगात पांढरी बंडी, डोक्यावर गवताची टोपी, हातात काठी. बंडीवर चार अक्षरे असतात. त्यांचा अर्थ ‘दोघे सोबत चालत आहेत’ असा. दुसरे म्हणजे स्वतः कोबो दाइशी. काठी हेच त्यांचे रूप. म्हणून मुक्कामी पोचल्यावर आपले पाय धुण्याआधी काठीचे टोक धुवायचे. पुलावर काठी टेकायची नाही, कारण दाइशी एकदा पुलाखाली झोपले होते, त्यांची झोप मोडू नये! आपल्या वारकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

दहाव्या किरिहाताजी देवळाच्या ३३३ पायऱ्या चढून उतरलो की वाट योशिनो नदीकडे वळते. नदीवर बिनकठड्याचे बुटके पूल आहेत. पूर आला की ते पाण्याखाली जातात. आपल्या दूधगंगा-वेदगंगेवरचे जुने पूल, किंवा सुरतेत रांदेरजवळचा तापीवरचा कॉजवे, हुबेहूब तसेच. काठी उचलून धरून मी तो पूल पार केला.

खरी गोष्ट घडली ती त्याआधी, दुसऱ्या दिवशी. बसथांब्याच्या शेडमध्ये टेकलो होतो. समोरच्या घरातून एक म्हातारी हळूहळू रस्ता ओलांडून आली. हातात दोन संत्री आणि शंभर येनचे नाणे. तिने ते दोन्ही हातांनी पुढे केले. “दोझो.” मी आपल्या रीतीप्रमाणे हात जोडले, मान हलवली, “नको, नको.” तिने पुन्हा पुढे केले. मी पुन्हा नाकारले. तिचा चेहरा पडला. ती वाकून नमस्कार करून परत निघाली.

शेडमध्ये एक निवृत्त जपानी गृहस्थ बसले होते. मोडक्या इंग्रजीत त्यांनी मला थांबवले. याला ‘ओसेत्ताइ’ म्हणतात, ते म्हणाले. यात्रेकरूला काहीतरी द्यायची इथली फार जुनी चाल आहे. ते नाकारायचे नसते. तिचे गुडघे चालत नाहीत. ती तुमच्या हातून आपली संत्री पुढच्या देवळात पाठवते आहे. तुम्ही घेतले नाही, तर तिची यात्रा या रस्त्यावरच राहिली.

मी उठून धावलो. दारातच तिला गाठले आणि दोन्ही हात पुढे केले. संत्री घेतली, नाणे घेतले. रीतीप्रमाणे माझ्या नावाची पांढरी कागदी पट्टी तिला दिली. तिने ती कपाळाला लावली. पुढच्या देवळात ते नाणे पेटीत टाकताना मला म्हातारी आठवली नाही, अक्का आठवली. तिचेही गुडघे गेले आहेत. ‘दोझो’ आणि ‘तगो’ यांत अंतर किती? वीस-पंचवीस वर्षे मी जो मान म्हणून जपत होतो, तो माझाच होता. तिच्या वाट्याला फक्त परत आलेले पाकीट होते.

ज्यांना असे जायचे आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. भारतीयांना व्हिसा लागतो. बँकेची कागदपत्रे आणि दिवसवार कार्यक्रम तयार ठेवावा. रेल्वेचा सात दिवसांचा राष्ट्रीय पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. तेव्हा थोडेच फिरायचे असेल तर तो घेऊ नये, लांबच्या बस स्वस्त पडतात. मी गेलो तेव्हा येन साधारण ५५ पैशांचा होता आणि सामायिक खोलीतला पलंग रात्रीला ३,००० ते ४,००० येनला मिळे. देवळात आपल्या वहीवर शिक्का आणि सुलेखन करून देतात, त्याला २०२४ पासून ५०० येन पडतात. पहिल्या दिवशी बाराच्या बारा घेणार होतो, पण हिशेब करून तिनांवर थांबलो. शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तिथे सारातही मासळीचा अर्क असतो. खारवलेल्या आलुबुखाराचा किंवा समुद्री शेवाळाचा भाताचा गोळा बहुधा चालतो. त्याच्याबरोबर शेंगाची चटणी असली की जेवण होते. माझा सगळा खर्च ७८,००० रुपयांच्या आत बसला.

पण हा हिशेब अपुरा आहे, हे मला शोसानजीच्या चढावर कळले. तेरा किलोमीटरची ती डोंगरवाट यात्रेकरूला गडगडवणारी म्हणून प्रसिद्ध आहे. अर्ध्यावर बसून शेवटची कडक भाकरी मोडली. स्वस्त प्रवास म्हणजे कमी खर्चाचा प्रवास, असे मी समजत होतो. प्रत्यक्षात त्याचा उरलेला खर्च दुसरे कुणीतरी उचलत असते. संत्री देणारी, वाट दाखवणारा, रात्र जागून तिकिटे शोधणारा, भाकरी बांधणारी. आपल्याकडे पंढरीची वारी याच हिशेबावर चालते. आपण फक्त घ्यायला शिकायचे असते, आणि शिकलेल्या माणसाला ते सगळ्यात जड जाते.

परतल्यावर कॉलेज सुरू झाले. संक्रांतीला मात्र रजा काढून कोसाड गाठले. उत्तरायणाचे दिवस, गच्च्यांवर माणसे, आकाश पतंगांनी भरलेले. अक्काने तिळगूळ दिला. मी म्हटले, “अक्का, ते पाकीट कुठाय?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग डबा काढला. पाकीट तसेच होते. शंभर-शंभरच्या नोटा, वीस. मी दोन्ही हात पुढे केले. ती काही बोलली नाही. ‘तगो’ही नाही. नुसतेच हातावर ठेवले आणि पदराने चष्मा पुसू लागली.

“यातून कुठे जाऊया?” मी विचारले. तिने लगेच सांगितले, “कठपोर.”

नर्मदेची परिक्रमा करणारे लोक नदी उजव्या हाताला ठेवून चालतात, नदी ओलांडत नाहीत. दक्षिण तीराने समुद्रापर्यंत आले की हांसोटजवळच्या कठपोरहून नावेत बसतात आणि खाडीपलीकडे उत्तर तीरावर मिठी तलाईला उतरतात. कोसाडहून हे इतके जवळ, पण अक्काने कधी पाहिले नव्हते. पॅसेंजरने अंकलेश्वर, तिथून बसने हांसोट, पुढे रिक्षा. भरतीची वाट बघत परिक्रमावासी बसले होते. पांढरे कपडे, हातात काठी, पाठीवर झोळी. मला क्षणभर शिकोकूच आठवले.

अक्काने घरून बाजरीचे रोटले आणि गूळ आणला होता. गुडघे धरत ती एकेकापुढे वाकत गेली. दोघे-तिघे खानदेशातले निघाले, एक बाई बेळगावकडच्या. अक्काने कानडीत विचारपूस केली तेव्हा त्या बाईंचे डोळे भरून आले. एका तरुण मुलाने मात्र संकोचून हात आखडता घेतला. “माझ्याकडे आहे, मावशी.”

मी त्याच्याजवळ गेलो आणि म्हटले, “घे रे. त्यांना नावेत बसता येत नाही.”

त्याने घेतले. भरती आली तशी नाव हलली. ती दिसेनाशी होईपर्यंत अक्का काठावर उभी होती.