परस नसलेली परसबाग

'परसबाग' हा शब्द आम्ही आजवर किती निष्काळजीपणे वापरत आलो, हे सोसायटीची नोटीस हाती पडेपर्यंत ध्यानात आले नव्हते. गच्चीवरच्या आमच्या आठ कुंड्यांपैकी मोगरा, जास्वंद आणि तुळस यांना नोटिशीत अभय होते. वांगी, मिरची आणि घेवडा मात्र आठवड्याच्या आत हलवायचे होते. कारणे दोन : गळती आणि इमारतीची शोभा. पहिले आम्हांस मान्यच होते. गच्ची सर्वांच्या मालकीची, आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छताला आलेली ओल आम्ही डोळ्यांनी पाहिली होती. पण पाणी तर मोगऱ्यालाही लागतेच!

तेव्हा फ्लोरिडातील मायामी शोअर्स या छोट्या नगरातला खटला आठवला. घरामागे ऊन कमी, म्हणून एक दांपत्य तिथे १७ वर्षे पुढच्या अंगणात भाजी पिकवीत होते. २०१३ मध्ये नियम कडक झाला : भाजीची बाग घरामागेच हवी, अन्यथा दिवसाला ५० डॉलर दंड. फुलझाडे, फळझाडे पुढे चालत. दांपत्याने बाग उपटली आणि दावा लावला. २०१७ मध्ये अपिलातही ते हरले. अखेर २०१९ मध्ये राज्यानेच कायदा करून निवासी जागेतील भाजीच्या बागांवर निर्बंध घालण्याचा स्थानिक शासनांचा अधिकार काढून घेतला. रहिवाशांच्या संघटनांचे खासगी नियम मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले.

हा नियम परका वाटतो खरा, पण तो आपल्या शब्दातच दडलेला आहे. परस म्हणजे घराची मागची बाजू. तुळशीवृंदावन पुढे अंगणात. सांडपाण्यावरचे अळू मागे. पूजेचे आणि शोभेचे पुढे, पोटाचे मागे, ही वाटणी आपण कायद्यावाचून पाळली. वाड्याला परस होते, म्हणून ती खुपली नाही. फ्लॅटला मागची बाजूच नसते. तिथे पोटासाठी पिकवणे उघड्यावर येते, आणि नजरेला सलते.

घेवड्याचे बी आमच्या आईने गावच्या परसातून जपून आणलेले. तिला नोटीस वाचून दाखवली. ती एवढेच म्हणाली, "घेवड्याला जांभळी फुलं येतात, ती दाखवा त्यांना."

आम्ही समितीस लिहिले आहे : सर्वच कुंड्या तिवईवर, खाली ताटली ठेवून, गळतीचा नियम मोगऱ्याला आणि वांग्याला एकच असावा. उत्तर अद्याप आलेले नाही. घेवडा कळ्यांवर आहे.